‘भरपाई, असल्यास’ : प्लेगपासून कोविडपर्यंत टाळेबंदीचा हिशेब



‘लॉकडाऊनचा उपयोग झाला का?’ हा प्रश्न आपल्याकडे आता चर्चेचा राहिला नाही, तो पक्षाचा झाला आहे. माणूस कुठल्या बाजूचा हे कळलं की त्याचं उत्तरही कळतं. एक म्हणतो, बंद केलं म्हणून वाचलो. दुसरा म्हणतो, बंद केलं म्हणून बुडालो. दोघांकडे आकडे असतात, आणि गंमत म्हणजे दोघांचेही आकडे बहुतेक वेळा खरे असतात. मी इतिहासाचा विद्यार्थी, त्यामुळे माझी सवय अशी की भांडण फार तापलं की ते थोडं मागे नेऊन ठेवायचं. आज ते १८९७ पर्यंत मागे नेऊ.

१८९७च का? कारण मार्च २०२०च्या मध्यावर महाराष्ट्र शासनाने कपाटातून जो कायदा बाहेर काढला तो त्या सालचा. साथरोग अधिनियम, १८९७. ४ फेब्रुवारीला मंजूर झालेला, जेमतेम चार कलमांचा, एका पानावर मावेल एवढा. पहिलं कलम नावगावाचं. दुसऱ्यात सरकारला हवी ती तात्पुरती उपाययोजना करण्याचा अधिकार. तिसऱ्यात आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात असं की या कायद्याखाली सद्हेतूने काही करणाऱ्या कोणावरही दावा लावता येणार नाही. २०२०ला आपल्या घरावर जो स्टिकर लागला, हातावर जो शिक्का बसला, त्यामागे मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी घाईघाईने लिहिलेला हा कागद उभा होता.

त्या दुसऱ्या कलमात एक छोटासा कंस आहे. या उपायांचा खर्च कोणी आणि कसा सोसायचा हे सरकार ठरवील, असं म्हणून कंसात पुस्ती जोडली आहे, की त्या खर्चात नुकसानभरपाईही धरावी, ‘असल्यास’. मी आज बोलणार आहे ते खरं म्हणजे त्या ‘असल्यास’बद्दल.

सप्टेंबर १८९६. मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरने गाठी आलेला ताप पाहिला आणि हा प्लेग आहे असं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा भाग. धान्य तिथे उंदीर. पण हा धागा तेव्हा कोणी पकडला नव्हता. यानंतर काय झालं, तर लोक पळाले. सरकारने कायदा करायच्या आधी पळाले. १८९१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातले पावणेचार-चार लाख लोक शहर सोडून गेले होते. जवळपास निम्मी मुंबई! कोकणात, घाटावर, गुजरातेत. गिरण्यांत कामगार मिळेनात. जो मजूर एरवी महिनाअखेरच्या पगारासाठी ताटकळत बसायचा त्याला गिरणीमालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले, नाक्यावर उभे राहून एकमेकांवर बोली चढवू लागले.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे उपयोगी पडेल. साथ आली की बाजार बसतो. हुकूम निघाला नाही तरी बसतो. १८९६च्या डिसेंबरात मुंबईच्या पेठा कुठल्याही कलेक्टरने बंद केल्या नव्हत्या. त्या भीतीने बंद पडल्या होत्या.

मग सरकारला एवढी कडक घाई कशाची? रयतेच्या जिवाची काळजी अजिबात नव्हती असं मी म्हणणार नाही, काही अधिकारी मनापासून राबत होते. पण मोठं कारण व्यापाराचं होतं. युरोपातले देश मुंबईहून येणाऱ्या जहाजांना, मालाला बंदरात घ्यायला तयार नव्हते. १८९७च्या सुरुवातीला व्हेनिसला प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे इंग्रज सरकारला दाखवायचं होतं, की आम्ही साथ आवरायला हातपाय हलवतो आहोत, आमचा कापूस अडवू नका. म्हणजे पहिल्या दिवसापासून या उपायांच्या पोटात एक आर्थिक हिशेब होता. फक्त तो बंदराचा हिशेब होता. बुधवार पेठेतल्या कासाराचा किंवा आमच्या सिन्नरच्या विडीवाल्याचा नव्हता.

पुण्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १० मार्च १८९७ला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच आजाराने गेल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ मार्चला, रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या सुरू केल्या. त्या १९ मेपर्यंत चालल्या. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्यात तो आणि लेफ्टनंट आयर्स्ट असे दोघे गेले, चापेकर बंधू फासावर गेले, टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. आपण ही गोष्ट अत्याचार आणि सूड अशी शिकतो, आणि ती तशी आहेच. पण आजचा प्रश्न वेगळा आहे: झडत्यांनी प्लेग थांबला का?

सरकारी हिशेब सांगतो तो असा. सुमारे २ लाख १८ हजार घरझडत्या. पुण्यात एवढी घरं नव्हती. तीच ती घरं पुन्हा पुन्हा झडली गेली. त्यातून सापडलेले प्लेगचे रुग्ण ३३८. म्हणजे एक रुग्ण शोधायला सुमारे साडेसहाशे वेळा कोणाच्या तरी माजघरात, देवघरात बूट घालून शिरावं लागलं. मे महिन्यात साथ ओसरली खरी. पण ती उन्हाने ओसरली, दख्खनच्या कडक उन्हाळ्यात प्लेग मंदावतो. पावसाळा सरता सरता तो परत आला आणि पहिल्यापेक्षा जास्त माणसं घेऊन गेला.

का? कारण सगळी शक्ती चुकीच्या कडीवर लावली होती. माणसाला माणसापासून तोडायचं, घरं धुवायची, चुना मारायचा, बिछाने जाळायचे. आणि रोग फिरत होता उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून ते दाखवलं, पण त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. त्याचं म्हणणं पटायला पुढची सात-आठ वर्षं गेली. घर धुतलं, फरशी उकरली की उंदीर शेजारच्या घरात. सरकारने पैसे खर्चून रोग पुढच्या गल्लीत ढकलला, असं क्रूरपणे म्हणता येईल.

उपयोग झाला तो दुसऱ्याच उपायाचा. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत होतं, की उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं. रानात, माळावर झोपड्या घालायच्या, शेतात राहायचं. उंदीर गावात राहिले, माणसं बाहेर गेली, साखळी तुटली. पुढे प्लेगच्या कामावरचे अधिकारीही गाव रिकामं करण्यालाच सगळ्यात भरवशाचा उपाय मानू लागले. ही एक प्रकारची टाळेबंदीच होती, फक्त उलटी. घराला टाळं लावून माणूस बाहेर. पण तिचा खर्च कोणाचा? ज्याला शेत आहे तो शेतात गेला. ज्याला शेत नाही त्याने कुठे जायचं? रिकाम्या गावात चोऱ्या व्हायच्या, झोपडीला बांबू आणि पाचट लागायचं, मजुरी बुडायची. हा खर्च ज्याचा त्याने सोसला. म्हणून तो कुठल्याच अहवालात आला नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जानेवारी १८९८ मध्ये सिन्नरला दंगल झाली. प्लेगच्या छावणीवर जमाव चालून गेला आणि प्लेगच्या कामावरचा एक देशी वैद्यकीय कर्मचारी मारला गेला. पुण्याच्या रँडवर पुस्तकं आहेत, चित्रपट आहे. सिन्नरच्या त्या माणसाचं नाव आपल्याला कोणी शाळेत सांगितलं नाही. तो नोकरी करायला गेला होता. आणि जमावातले लोक? त्यांना माहीत होतं की छावणीत नेलेला माणूस परत येईल याची खात्री नाही, आणि तो छावणीत असेपर्यंत घरच्यांच्या तोंडात काय घालायचं, याची कोणी सोय केलेली नाही. त्याच वर्षी ९ मार्चला मुंबईत मदनपुऱ्यात दंगल उसळली. एका विणकर घरातल्या आजारी मुलीला न्यायला प्लेगवाले आले, तिथून ठिणगी पडली. मदनपुऱ्यातले ते विणकर उत्तरेतून आलेले. १८५७ नंतर तिकडून निघालेला तोच लोंढा मालेगावातही येऊन स्थिरावला होता. मालेगावशी आपली गाठ पुन्हा पडणार आहे.

या दंग्यांनंतर सरकारने हात आखडता घेतला. सक्ती सैल झाली, जातीजमातींना आपापली इस्पितळं चालवू दिली, हाफकिनच्या लशीवर भर आला, पुढाऱ्यांना कमिट्यांवर घेतलं. प्लेग मात्र राहिला. १८९९ मध्ये आपल्या भगूरला दामोदरपंत सावरकर प्लेगने गेले आणि ती पोरकी मुलं नाशिकला आली. देशभरात पुढच्या दोन-तीन दशकांत प्लेगने सव्वा कोटीच्या आसपास माणसं नेली.

पण १८९७चा धडा उचलून जसाच्या तसा २०२०ला लावता येत नाही. काही जण तसं करतात, आणि ते मला मान्य नाही. कोविड माणसाच्या श्वासातून माणसाला होत होता. माणसं लांब ठेवली तर तो मंदावणार, हे तर्काने बरोबर होतं. रँडने चुकीची कडी धरली होती, २०२०ला धरलेली कडी बरोबर होती. प्रश्न पुढचा आहे: कोणाच्या बाबतीत ती तुटली, किती दिवस तुटली, आणि त्या दिवसांत आपण काय केलं.

२४ मार्च २०२०ला रात्री आठ वाजता घोषणा, बारा वाजता अंमल. चार तास. तेव्हा देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. आपल्या जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्चअखेर लासलगावजवळच्या गावात सापडला. सप्टेंबरात आरोग्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की या निर्णयामुळे १४ ते २९ लाख लोक लागण होण्यापासून आणि ३७ ते ७८ हजार लोक मृत्यूपासून वाचले. हे आकडे प्रतिमानांतून काढलेले आहेत. ‘बंद केलं नसतं तर’ अशा एका वर्षाशी तुलना आहे, आणि ते वर्ष कोणी जगलेलं नाही. मी त्यांना खोटं म्हणत नाही, पण त्यांच्यावर फार वजनही टाकणार नाही.

मला त्यापेक्षा रक्ततपासण्यांचा पुरावा जास्त बोलका वाटतो. आयसीएमआरच्या पहिल्या देशव्यापी सर्वेक्षणात, मे-जून २०२०ला, प्रौढांत लागण होऊन गेलेले लोक एक टक्क्याहून कमी निघाले, ०.७३ टक्के. ऑगस्ट-सप्टेंबरात ते सात टक्क्यांच्या आसपास गेले, आणि जून-जुलै २०२१ मध्ये ६७ टक्क्यांवर. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत साथ रोखली नसेल पण लांबवली, यात मला शंका नाही. मिळालेला वेळ अगदी वायाही गेला नाही. मार्चमध्ये पीपीई किट आपल्याकडे जवळजवळ बनतच नव्हते, मेअखेर रोज लाखांनी बनत होते. प्रयोगशाळा वाढल्या, खाटा वाढल्या, डॉक्टरांना आजार कळायला लागला.

आता दुसरा रक्ताचा पुरावा. जुलै २०२०, मुंबईतले तीन वॉर्ड. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली, त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६ टक्क्यांना. तेच शहर, तोच हुकूम, तेच पोलीस. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं आणि गल्लीला एक सार्वजनिक संडास असेल तर ‘घरात राहा’ या आज्ञेला काय अर्थ उरतो? इमारतीतल्या माणसाने टाळेबंदी खरोखर वापरली. वस्तीतल्या माणसाची रोजी बंद झाली, लागण मात्र झालीच. त्याने किंमत पूर्ण भरली आणि माल अर्धाही मिळाला नाही.

मालेगावात हेच झालं, आणखी तीव्रतेने. २०११च्या जनगणनेनुसार पावणेपाच लाखांवर वस्ती, दाटीची घरं, आणि यंत्रमागांचा रात्रंदिवस खडखडाट हाच शहराचा श्वास. एप्रिलमध्ये तिथे पहिले रुग्ण सापडले आणि पाहता पाहता मालेगाव राज्याचा हॉटस्पॉट झालं. बंदोबस्ताला आलेले राज्य राखीव दलाचे जवान मोठ्या संख्येने आजारी पडले. माग थांबले. मागावरचा कामगार आठवड्याच्या हिशेबाने जगतो. माग थांबला की शुक्रवारी हातात काही नाही. शिवाय त्या एप्रिलमध्ये मालेगावातल्या मोठ्या कब्रस्तानातल्या दफनांची संख्या आदल्या वर्षाच्या एप्रिलपेक्षा कितीतरी वाढल्याच्या बातम्या आल्या. सगळे कोविडने गेले? तसं सांगता येत नाही. खासगी दवाखाने बंद होते, मधुमेहाचे, हृदयविकाराचे, डायलिसिसचे रुग्ण दारोदार फिरत होते, असं तिथले लोक तेव्हाच सांगत होते. हे मृत्यू कुठल्या रकान्यात टाकायचे? साथीच्या की टाळेबंदीच्या? मला वाटतं, बंदच्या खर्चाच्या रकान्यात त्यातले काही तरी यायलाच हवेत. ते आलेले नाहीत.

पैशाकडे येऊ. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन, पहिल्या अंदाजाप्रमाणे, २३.९ टक्क्यांनी घसरलं. सीएमआयई या संस्थेच्या अंदाजाने एकट्या एप्रिलमध्ये सव्वाबारा कोटी लोकांचं काम गेलं. आपल्या नाशिकरोडचा नोटांचा छापखानासुद्धा काही दिवस बंद होता, यापेक्षा जास्त बोलकं चित्र मला सुचत नाही.

इथे एक अर्थशास्त्री तुम्हाला थांबवून विचारील: ही घसरण हुकुमाची की भीतीची? योग्य प्रश्न आहे. १८९६ची मुंबई आठवा. अमेरिकेत गुल्सबी आणि सिव्हरसन या दोघांनी मोबाईलच्या नोंदींवरून हिशेब मांडला. त्यांना दिसलं, की दुकानांतली वर्दळ ६० टक्क्यांनी घटली, पण त्यातली सरकारी बंदीमुळे झालेली घट फक्त ७ टक्क्यांएवढी. बाकीचे लोक आपणहून घरी बसले. म्हणून ‘लॉकडाऊनने अर्थव्यवस्था बुडवली’ हे विधान मी सरसकट स्वीकारत नाही. पण ते सात टक्के इथे आणून लावतील त्यांनाही मी थांबवीन. हातावर पोट असलेला माणूस भीतीने दोन महिने घरी बसूच शकत नाही. तो चार दिवसांनी बाहेर पडतोच. त्याला घरी बसवतो तो हुकूमच. जिथे बचत आहे तिथे भीती बाजार बंद करते, जिथे बचत नाही तिथे पोलीस. म्हणून आपल्याकडे हुकुमाचा वाटा मोठा असणार, असं माझं मत आहे.

आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होता ते तुम्ही मला शिकवाल. मार्चचा शेवट म्हणजे द्राक्षांचा उतरता हंगाम. निफाड-दिंडोरीच्या बागांत माल उभा, मजूर नाही, ट्रक नाही, दिल्ली-कोलकात्याचा व्यापारी नाही. कित्येकांनी पडेल भावात माल दिला, कित्येकांनी बेदाण्याला टाकला. मागोमाग उन्हाळ कांदा. शेतमालाला टाळेबंदीतून सूट होती. कागदावर. पण लासलगावला लिलाव व्हायचा तर हमाल-मापारी लागतात, गोण्या लागतात, वाहन लागतं, तिकडे घेणारं हॉटेल चालू असावं लागतं. साखळीतला एक दुवा बंद ठेवून बाकीच्यांना ‘सूट’ दिली की सूट नुसती परिपत्रकात राहते.

आणि महामार्ग. मुंबई-आग्रा रस्ता आपल्या दारातून जातो, त्यामुळे नाशिककरांनी जे पाहिलं ते फार थोड्या शहरांनी पाहिलं असेल. कसारा घाट चढून येणारी माणसं, डोक्यावर बोचकी, खांद्यावर पोरं. मुंबईच्या रिक्षा थेट उत्तर प्रदेशाकडे. तुमच्यातल्या अनेकांनी तेव्हा पोळीभाजीची पाकिटं वाटली. कित्येकांना अडवून निवारा केंद्रांत ठेवलं होतं. १ मे २०२०च्या रात्री, महाराष्ट्राला साठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, नाशिकरोडहून भोपाळला राज्यातली पहिली श्रमिक गाडी सुटली. आठवड्याने, ८ मेच्या पहाटे, करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते.

या ठिकाणी मी स्पष्ट मत देतो. मार्चअखेर काही आठवडे बंद करणं मला समर्थनीय वाटतं, त्या घडीला माहिती फार थोडी होती. चार तासांची मुदत समर्थनीय वाटत नाही. आणि मजुरांना शहरांत डांबून ठेवणं तर साथीच्या शास्त्रानेही उलटं होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते निघाले असते तर देशात रुग्ण हजाराच्या आत होते. त्यांना आपण थांबवलं सगळ्यात दाट वस्त्यांत, आणि सोडलं मे महिन्यात, रुग्ण ३५ हजारांवर गेल्यानंतर. रोजगार गेला, उपास घडले, आणि शेवटी आजार गावापर्यंत पोहोचलाच. सरकारने नंतर संसदेत सांगितलं, की एक कोटीहून जास्त स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती मेले, असं विचारल्यावर उत्तर आलं, की अशी माहिती ठेवली जात नाही.

रँडचा हिशेब आठवा. झडत्या किती, सापडलेले रुग्ण किती, सगळं चोख. घरातून गेलेल्या वस्तू, बुडालेली मजुरी, छावणीत नेलेल्या माणसाच्या मागे उपाशी राहिलेलं घर, यांचा रकानाच नव्हता. सव्वाशे वर्षांनी रकाना अजून नाही.

भरपाई अजिबातच झाली नाही असं मात्र नाही, आणि ते न सांगणं अन्यायाचं होईल. ऐंशी कोटी लोकांना माणशी पाच किलो धान्य मोफत मिळालं. याची तोड १८९७ला कुठेही नाही. परतलेल्या मजुरांना रोजगार हमीने हात दिला. २०२०-२१ मध्ये मनरेगावर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघालं, आदल्या वर्षी ते २६५ कोटी होतं. आणि ही योजना मुळात आपली. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या हातांतून ती उभी राहिली. एका संकटात केलेली सोय दुसऱ्या संकटात उपयोगी पडली. शहरातल्या मजुराला मात्र असं काही नव्हतं. यंत्रमाग कामगाराला रोजगार हमी लागू नाही, सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगारालाही नाही.

स्वीडनचं काय, असं प्रश्नोत्तरांत कोणी तरी विचारतंच, म्हणून आधीच सांगतो. त्यांनी फारसं बंद केलं नाही. पहिल्या वर्षी त्यांचे मृत्यू शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा जास्त, पण तीन वर्षांची बेरीज केली तर युरोपात कमी देशांत मोडतात. मात्र तिथे एकट्याने राहणारी घरं फार, आणि मार्च २०२० मध्येच सरकारने आजारपणाच्या रजेतला पहिल्या दिवसाचा कापला जाणारा पगार भरून द्यायला सुरुवात केली. आजारी माणूस घरी बसला तर त्याचं नुकसान होऊ नये, एवढंच. ‘असल्यास’ हा शब्द त्यांनी खोडला होता.

२०२१ला आपलं चित्र उलटं झालं. केंद्राने देशव्यापी बंद टाळला, राज्यांवर सोपवलं. आपल्याकडे मार्चअखेर एक अजब प्रयोग झाला, तुम्हाला आठवत असेल. बाजारात शिरायला पाच रुपयांची पावती, एक तासाची मुदत, जास्त थांबलात तर दंड ५०० रुपये. देशभरातल्या वर्तमानपत्रांनी त्याची चेष्टा केली. मला तो प्रयोग चेष्टेचा वाटत नाही. गर्दीला किंमत लावून बाजार चालू ठेवण्याची ती धडपड होती. पण लाट एवढी मोठी होती की पावत्यांनी काही होणार नव्हतं. १४ एप्रिलपासून राज्यात ‘ब्रेक द चेन’ लागू झालं, आणि २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याबद्दल नाशिकमध्ये उभा राहून मी जास्त बोलणार नाही.

दुसऱ्या लाटेत अर्थव्यवस्थेचं नुकसान पहिल्याहून कमी झालं आणि माणसं कितीतरी जास्त गेली. २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा ४७ लाख मृत्यू जास्त झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारने तो फेटाळला, सरकारी नोंद तेव्हा पाच लाखांच्या आत होती. यावरून ‘कडक बंद हवा होता’ असं म्हणणारे आहेत. मला त्यातून वेगळं दिसतं. पहिल्या टाळेबंदीने विकत घेतलेला वेळ ऑक्सिजनच्या टाकीत, लशीच्या मागणीत, तालुक्याच्या दवाखान्यात किती उतरला, हा खरा प्रश्न आहे. वेळ ज्यांनी पैसे मोजून विकत घेऊन दिला ते मागावरचे, हातगाडीवरचे, बागेतले लोक होते. तो खर्च कसा झाला हे विचारण्याचा हक्क त्यांचा आहे.

शेवटचा मुद्दा शाळांचा, आणि यावर माझं मत सगळ्यात कडक आहे. राज्यात ऑक्टोबर २०२० मध्ये हॉटेलं आणि बार उघडले. नोव्हेंबरात नाट्यगृहं उघडली, पाडव्याला मंदिरं उघडली. प्राथमिक शाळा उघडल्या डिसेंबर २०२१ मध्ये. जून २०२०ला पहिलीत नाव घातलेलं पोर बाकावर बसलं ते थेट दुसरीत, आणि जानेवारीत ओमायक्रॉन आला म्हणून पुन्हा काही आठवडे घरी गेलं. या आजारात सगळ्यात कमी धोका ज्या वयाला, त्याला आपण सगळ्यात जास्त काळ कोंडलं. ‘असर’च्या पाहणीत, देशभरच्या खेड्यांत तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. हा तोटा त्या तिमाहीच्या २३.९ टक्क्यांत धरलेला नाही. तो ही मुलं कामाला लागतील तेव्हा त्यांच्या मजुरीत दिसेल. आणि भरपाई? शासनाने १ जुलै २०२१ पासून सेतू अभ्यासक्रम आणला. शाळा बंदच होत्या, त्यामुळे बहुतेकांनी तो मोबाईलवर केला, घरात मोबाईल असला तर. त्याची मुदत ४५ दिवसांची होती.